बिगबँडच्या चार्टवर नुसतं ‘लॅटिन’ लिहिलेलं असतं, तेव्हा कोंगावर नेमकं काय वाजवायचं?

रेला_कायदा

नमस्कार मंडळी. लहानपणापासून तबला शिकले, आता नऊ वर्षं न्यू जर्सीत आहे. आमच्या गावात हौशी लोकांचा एक बिगबँड आहे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, बेस, ड्रम, टिंबाले (काठ्यांनी वाजवायची धातूच्या भांड्यांची जोडी). दर मंगळवारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम असते. त्यांचा कोंगावाला (कोंगा म्हणजे हातांनी वाजवायचा उंच क्युबन ढोल) गाव सोडून गेला आणि ओळखीतून मला निरोप आला, ‘तू तबला वाजवतेस ना, मग ये.’ गेले. हात चालतो, कान आहे, जमेल असं वाटलं.

पण इथे कोंगासाठी वेगळा कागद नसतोच. ड्रमच्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘लॅटिन’ एवढा एक शब्द आणि खाली पानभर तिरक्या रेघा. आधी ऐकून ऐकून वाजवत होते, चाललं. सध्या आमच्याच एका ट्रॉम्बोनवाल्याने लिहिलेला मांबो (क्युबन नाचाचं संगीत) बसवतोय. पहिले तीन भाग छान जातात. मग एक ब्रेक आहे, सगळा बँड थांबतो, आणि चौथा भाग सुरू झाला की मी आणि टिंबालेवाला एकमेकांवर आदळतो. मी मोजून, बरोबर समेवर येते. तरी तो मान हलवतो आणि म्हणतो, ‘क्रॉस झालीस’. बँडमास्तर सांगतात, क्लावे ऐक. पण क्लावे आमच्यात कुणी वाजवतच नाही! जे वाजत नाही ते ऐकायचं कसं?

आणि दुसरं, ड्रमसेट, टिंबाले आणि कोंगा एका वेळी वाजत असताना गोंगाट होऊ नये म्हणून कोण काय सोडतं?

मधली_सुट्टी

पानभर तिरक्या रेघा म्हणजे ‘समजून घ्या’. आमच्या सासूबाईंच्या पाककृतीच्या वहीत मीठ-तिखटापुढे असंच असतं.

पितळी

ताई, मी टोरोंटोत ट्रम्पेट वाजवतो, पण या दुखण्यातून मीही गेलोय. तुमच्याच भाषेत सांगतो.

तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा, जरा पळत्या लयीत. टाळी द्या १, ४, ७, ११ आणि १३ वर. पहिल्या आठांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. ही झाली ३-२ सोन क्लावे. यातली तिसरी टाळी ७ वरून ८ वर सरकवली की रुंबा क्लावे. गाण्याची ओळ दोन टाळ्यांच्या बाजूने सुरू होत असेल तर तिला २-३ म्हणतात. चक्र तेच, तुम्ही आत कुठल्या दाराने शिरलात एवढाच फरक.

आता ‘ऐकायचं कसं’. क्लावेच्या दोन काठ्या कुणी वाजवो न वाजवो, बाकी सगळ्यांनी वाजवलेल्यात ती असते. टिंबालेवाला भांड्याच्या कडेवर काठीने जो कास्कारा वाजवतो तो क्लावेभोवतीच विणलेला असतो. पियानोचा मोंतुनो, म्हणजे फिरून फिरून येणारी चाल, नीट ऐका. एका बाजूला तो ठोक्यावर चालतो, दुसऱ्या बाजूला ठोका टाळत जातो. ठोका टाळणारी बाजू बहुतेक वेळा तीनची. ब्रासच्या, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या, फेकीही तशाच. एक पूर्ण तालीम कोंगाला हात न लावता बसा, मांडीवर पाच टाळ्या देत राहा आणि कुठली बाजू ट्रम्पेटच्या अंगाला बसते ते बघा. चुकीच्या बाजूने धरलीत (यालाच ‘क्रॉस’ म्हणतात) तर अंगात उलटा घातलेला सदरा कसा टोचतो, तसं टोचेल.

नुसता_श्रोता

मला वाजवता काहीच येत नाही, पण हे वाचून आत्ता टेबलावर १, ४, ७, ११, १३ वाजवून बघितलं. चौथ्या फेरीला आपोआप खांदे हलायला लागले. बायको बाहेर येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून.

एक शंका: ड्रमसेटवर एक माणूस दोन हात दोन पाय चालवतो. मग वर आणखी तीन जण कशाला लागतात?

बोरीबंदर

रेलाताई, तुम्ही ज्याला कोंगा म्हणता त्याला आमच्या घरात तुंबा म्हणत. वडील गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात साइड रिदमला होते. मुंबईतल्या वादकांत तो शब्द आजही चालतो. मला लहानपणी वाटायचं, हे आपल्या लोकांनी केलेलं भ्रष्ट नाव. मग कळलं की क्युबात या वाद्याला तुंबादोरा म्हणतात आणि तीन आकारांतल्या सगळ्यात जाड्याला नुसतं तुंबा. म्हणजे जगभर रूढ झालेल्या ‘कोंगा’पेक्षा आमच्या चाळीतला शब्द हवानाच्या जास्त जवळचा!

मुंबईत ही वाद्यं आली ती हॉटेलांतल्या बँडमधून आणि तिथून स्टुडिओत. हिंदी चित्रपटसंगीतात बोंगो, कोंगा, मराकस रुजवणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचं नाव वडील कानाला हात लावून घेत. आणि आपले सी. रामचंद्र. त्यांचे सहायक चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवाले, स्वतःचा जॅझ बँड चालवणारे. १९५१ चा ‘अलबेला’ त्या जोडीचा. वडील म्हणायचे, त्यातला बोंगो ऐकून आम्ही पगारातून बोंगो घेतले.

एक आठवण सांगतो. वडिलांच्या जुन्या तुंब्याचं कातडं चुका ठोकून बसवलेलं होतं, चावीने आवळायची सोय नव्हती. पावसाळ्यातल्या लग्नात ते सैल पडायचं, आवाज ओल्या पोत्यासारखा. मग वडील मांडवामागे आचाऱ्याच्या शेगडीपुढे तुंबा आडवा धरून बसायचे. मधूनमधून मधल्या बोटाने टिचकी मारून बघायचे, आवाज चढला की धावत स्टेजवर. तीन-चार गाण्यांनी पुन्हा शेगडी. क्युबातही धातूच्या चाव्या येण्याआधी कातडं आगीवरच तापवत. हे खूप नंतर वाचलं तेव्हा वडील नव्हते. त्यांना सांगायला हवं होतं.

मधली_सुट्टी

काका, हे वाचून गलबलून आलं. आणि मांडवातलं जेवणही आठवलं.

पितळी

श्रोतेबुवा, तुमची शंका आणि ताईंचा दुसरा प्रश्न एकच आहे, म्हणून थोडं मागे जातो.

१९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्युबन गायक माचितोने ‘आफ्रो-क्युबन्स’ हा बँड उभा केला. संगीताची सूत्रं त्याचे मेव्हणे मारियो बाऊसा यांच्याकडे. बाऊसा मूळचे हवानाचे, पण चिक वेब आणि कॅब कॅलोवे यांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून आलेले. हार्लेममधला ब्रास कसा गरजतो ते त्यांच्या अंगात होतं आणि क्युबाचा ताल तर जन्माचा. वरती जॅझचे हॉर्न, खाली अस्सल क्युबन ताल, असा त्यांचा ध्यास. १९४३ च्या ‘टांगा’मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण जुळलं. नुसतं रंगापुरतं लॅटिन त्याच्या आधीही होतं, पण इथे ब्रासने क्लावेप्रमाणे बोलायला सुरुवात केली.

त्या बँडमध्ये कोंगा, बोंगो आणि टिंबाले असे तिघे एकत्र बसत आणि गोंगाट होत नसे, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली. कोंगा खालच्या अंगाने चाल धरतो. बोंगो वरच्या पट्टीत बडबड करतो, आणि गाणं तापलं की बोंगोवाला वाद्य खाली ठेवून हातातली मोठी घंटा उचलतो. टिंबालेवाला आधी भांड्याच्या कडेवर, मग स्टँडवरच्या घंटेवर जातो, आणि भाग बदलताना एक कडकडीत रोल देऊन सगळ्यांना पुढे ढकलतो. त्या रोलला आबानिको म्हणतात, म्हणजे हातपंखा. लग्नाच्या पंगतीसारखं आहे. वाढपी चार असले तरी भात वाढणारा भातच वाढतो.

ड्रमसेट याच्यात आला की त्याने सोडायचं. १९५० मध्ये क्युबन संगीतकार चिको ओ’फॅरिलचा ‘आफ्रो-क्युबन जॅझ सूट’ ध्वनिमुद्रित झाला, जवळपास १७ मिनिटांचा. माचितोचा बँड, वर सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, आणि माचितोच्या तिघांच्या जोडीला ड्रमवर बडी रिच. कोण कधी पुढे येतं आणि कोण मागे सरतं यावर कान ठेवून ऐका. तुमच्या ड्रमवाल्यालाही ऐकवा.

विलंबित

सगळं मान्य, पण क्लावेचं एवढं सोवळं कशाला? जॅझवाल्यांनी लॅटिन घेतलं ते चवीसाठी, आणि काय वाईट केलं? १९३६ चं एलिंग्टनचं ‘कॅरव्हान’ घ्या. त्यात कोंगाही नाही, बोंगोही नाही, पण पहिल्या चार मात्रांत वाळवंट उभं राहतं. स्टॅन केंटनच्या बिगबँडने १९४७ मध्ये ‘पीनट व्हेंडर’ केलं, शेवटी ट्रम्पेट कसे एकमेकांना चावतात! ऐकताना कोणी टाळ्या मोजत नाही. हौशी बँडने आधी मनापासून वाजवावं. ‘क्रॉस झालीस’ म्हणत बसलं तर वाजवणारा घाबरून जातो. मी एका मोठ्या शहरातल्या लॅटिन बँडमध्ये दोन वर्षं पियानोवर होतो. तिथे इतकं टोकलं गेलं की शेवटी पियानोच सोडला.

पितळी

विलंबित, तुम्हाला पियानो सोडावा लागला हे वाचून खरंच वाईट वाटलं. असं शिकवणं चूकच.

पण तुमची दोन्ही उदाहरणं उलट बाजूने बोलतात. ‘कॅरव्हान’ मुळात हुआन टिझोलचं, एलिंग्टनच्या बँडमधले व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनवाले, पोर्तो रिकोचे. ते बाहेरून चव घ्यायला आले नव्हते, घरची चव घेऊन आले होते. आणि केंटनने ‘पीनट व्हेंडर’साठी माचितोच्या बँडमधले तालवादक बोलावून घेतले होते. आपल्या ड्रमवाल्याकडून हे होणार नाही एवढं त्याला कळत होतं. ते गाणं मूळ मोइसेस सिमोन्स यांचं. १९३० मध्ये डॉन अस्पियासूच्या हवानाच्या बँडने न्यूयॉर्कमध्ये ते मुद्रित केलं आणि अमेरिका वेडी झाली.

सोलो वाजवणारा क्लावेवरून हवा तसा तरंगू दे. पार्कर तेच करतो आणि म्हणून ते इतकं सुंदर लागतं. पण लिहिलेल्या ब्रासच्या फेकी आणि तालवाद्यं यांचं जमलं नाही, तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. ब्रॉडवे आणि ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये माचितो, टिटो पुएन्ते आणि टिटो रॉड्रिगेझ यांचे बँड वाजायचे ते नाचणाऱ्यांसमोर. तिथे चूक झाली की ती सगळ्या फरशीवर दिसायची.

विलंबित

फरशीवर दिसायची, हे पटलं. मी नेहमी खुर्चीत बसून ऐकलं, नाचणाऱ्यांचा विचारच केला नव्हता. शोकेसमधून पुएन्तेचं १९५८ चं ‘डान्स मेनिया’ काढलंय. आज रात्री उभं राहून ऐकतो.

गोंयकार_बेस

देव बरें करूं सगळ्यांचं. मी मडगावचा, बेस वाजवतो, लग्नांपासून हॉटेलांपर्यंत. बेसवाल्याचं कोणी विचारत नाही म्हणून स्वतःच सांगतो.

पितळींच्या सोळा मात्रा घ्या. बेस वाजतो ४ आणि ७ वर, पुढच्या आठांत १२ आणि १५ वर. एकवर काही नाही! ७ वर जो सूर दाबतो तो तसाच पुढे ओढतो, आणि तो सूर पुढच्या बारच्या (बार म्हणजे आठ मात्रा) कॉर्डचा असतो. म्हणजे कॉर्ड बदलतो एकवर, पण बेस एक ठोका (दोन मात्रा) आधीच तिथे जाऊन बसलेला. मी स्विंग वाजवून आलेला, चारही ठोक्यांवर चालायची सवय. पहिले सहा महिने माझा पाय एकवर आपटायचा आणि बोट त्याच्याबरोबर पडायचं. माझ्या गुरूंनी शेवटी काय केलं, माझा उजवा बूट काढायला लावला आणि पायाखाली उशी ठेवली. पाय आपटला तरी आवाज नाही, मग हळूहळू बोट मोकळं झालं.

रेलाताई, तुम्हाला त्रास होतोय तो बहुतेक ह्याच जागी. तबल्यात सगळं समेकडे धावतं. इथे खाली कोणीच समेवर उतरत नाही.

रेला_कायदा

सगळ्यांचे मनापासून आभार. बोरीबंदर काका, तुंब्याची गोष्ट आईला फोनवर वाचून दाखवली.

गोंयकार, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. कोंगाचा साधा तुंबाओ मी असा वाजवते: डावा तळवा, डावी बोटं, उजवी चापट, डावी बोटं, पुन्हा तळवा, बोटं, आणि मग उजव्या हाताचे दोन खुले ठोके. आठांपैकी चापट तिसऱ्यावर, खुले ७ आणि ८ वर. हात बरोबर पडतो, पण मनात माझा ‘धा’ एकवरच. त्यामुळे ७-८ चे खुले ठोके मी नकळत हलके वाजवते, जणू ते पुढच्या समेची तयारी आहेत. काल रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं.

आणि आज चार्ट घेऊन बसले, तेव्हा एक गोष्ट सापडली. तिसरा भाग १६ बारचा. त्यानंतरचा ब्रेक फक्त एका बारचा. लगेच चौथा भाग. मी तिथे दोन तुंब्यांवर दोन बारचा पॅटर्न वाजवते, जाड तुंब्यावरचे ठोके तीनच्या बाजूला. चौथा भाग सुरू झाला की मी नव्याने पहिल्यापासून धरते. चूक इथे आहे का?

पितळी

सापडलं! ताई, हीच ती जागा.

क्लावेला दोन बार लागतात. मध्ये एकच बार आला, म्हणजे चौथा भाग चक्राच्या दुसऱ्या अर्ध्यावर सुरू होतो. आधी ओळ २-३ होती, आता तीच ३-२ झाली. लिहिणाऱ्याने ते मुद्दाम केलंय, म्हणजे तुमच्या ट्रॉम्बोनवाल्याला चांगलं कळतं. टिंबालेवाला ब्रेकमध्येही मनात क्लावे चालू ठेवतो आणि आहे तिथूनच पुढे जातो. तुम्ही नवीन भाग म्हणून नवीन सम धरता. ताल उलटत नाही, वरची चाल उलटते.

ब्रेकमध्ये हात थांबवा, मांडीवरची टाळी थांबवू नका.

बोरीबंदर

ठेक्याच्या मध्ये गवयाने मुखडा वेगळ्या मात्रेवरून उचलला तर तबलजी ठेका थोडाच बदलतो? तसंच समजा.

रेला_कायदा

काका!! हे कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर.

नुसता_श्रोता

मला आता रहस्यकथा संपल्यासारखं वाटतंय. ‘मांतेका’ या गाण्याबद्दल कोणी बोललंच नाही अजून. तेवढं एकच नाव मला या विषयात माहीत होतं.

पितळी

बोलतो. ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये बाऊसांच्या शेजारी बसायचा. १९४७ मध्ये त्याला स्वतःच्या बिगबँडसाठी कोंगावाला हवा होता, बाऊसांनी चानो पोझोशी गाठ घालून दिली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला कार्नेगी हॉलमध्ये दोघे एका मंचावर होते. चानोला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं, नोटेशन वाचता येत नव्हतं. ‘मांतेका’चा बेस कसा, सॅक्सोफोन काय म्हणतील, ट्रॉम्बोन कुठे येतील, हे त्याने तोंडाने गाऊन दाखवलं. मधला १६ बारचा भाग डिझीचा, मांडणी गिल फुलरची. ३० डिसेंबर १९४७ ला मुद्रण झालं. सुरुवातीला बेस आणि कोंगा, मग एकेक थर चढत जातो, ब्रास येईपर्यंत अंगावर काटा. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, २ डिसेंबर १९४८ ला, हार्लेममधल्या एका बारमध्ये चानोला गोळी घातली गेली. वय ३३.

मी हे ट्रम्पेटच्या तिसऱ्या जागेवरून अनेकदा वाजवलंय. सुरुवातीला आम्हाला कितीतरी बार काम नसतं. गप्प बसून खालचा तुंबा ऐकत राहायचं, तो माझा सगळ्यात आवडता भाग.

गोंयकार_बेस

त्या सुरुवातीचा बेस मी घरी नुसता एकटाच वाजवत बसतो कधी कधी, अर्धा अर्धा तास.

रेला_कायदा

मंगळवारचा वृत्तांत. बूट काढून, पायाखाली कोट घडी करून ठेवला (गोंयकार, तुमच्या गुरूंना नमस्कार). तिसरा भाग संपला, ब्रेक आला. हात मांडीवर, बोटं चालू. ११, १३, आणि चौथा भाग जिथे पडला तिथे मी आधीच होते. टिंबालेवाल्याने वर बघितलं नाही, तसाच मान खाली घालून वाजवत राहिला. गेल्या सहा आठवड्यांत पहिल्यांदा. मग शेवटच्या भागात त्याने घंटा धरली आणि माझे ७-८ चे खुले ठोके त्याच्या घंटेखाली असे बसले की पहिल्या ट्रम्पेटवाल्या आजोबांनी वाजवता वाजवता मागे वळून बघितलं. ते कधीच मागे बघत नाहीत.

बँडमास्तरांनी जाताना पुढचा चार्ट हातात दिला. सहा-आठमध्ये आहे, म्हणजे सहा-सहाच्या मोजणीत. वर कोपऱ्यात लिहिलंय, ‘आफ्रो’. खाली तिरक्या रेघा.

पितळी

ओ’फॅरिलच्या त्याच सूटमध्ये मध्येच सहा-आठचा एक भाग येतो. मंगळवारपर्यंत तेवढाच ऐका, चार्ट उघडू नका.

बोरीबंदर

दादरा म्हणून धरू नका मात्र, फसाल. आणि तुंबा गाडीत ठेवून देत जाऊ नका. उन्हाने कातडं ताणतं आणि चिरतं. कातडं बदलायचं झालं तर मला विचारा, वडिलांची हत्यारं आहेत माझ्याकडे अजून.